शरदातील डोंगरभटकंती (सोलापूर)

भाद्रपदाच्या अखेरीपासून कोजागरीपर्यंत, म्हणजे साधारण सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन आठवडे, सोलापूर व आसपासच्या तालुक्यांतून एका दिवसासाठी किंवा एक-दोन मुक्कामांसाठी डोंगरात जाण्याचा प्रघात. बोलण्यात या सगळ्याला ‘ट्रेक’च म्हणतात, सकाळी जाऊन रात्री घरी परतायचे असेल तर ‘वन डे’, सॅकमध्ये अंथरूण-पांघरूण आणि शिधा घेऊन राहायचे असेल तर ‘मुक्कामी’. सोलापूर हे सपाटीवरचे गाव, समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले. गच्चीवर उभे राहिले तरी डोंगराची रेघ दिसत नाही. त्यामुळे इथल्या माणसाला डोंगर हा ठरवून गाठावा लागतो आणि तो गाठण्याची वेळ निवडताना बरेच गणित करावे लागते.

या गणिताचे कारण पाऊस. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर सोलापूर पर्जन्यछायेत कोरडे राहते. सह्याद्रीत सर्वाधिक पाऊस जुलैत होतो. सोलापुरात मात्र वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, कारण तोवर वाऱ्यांचा जोर ओसरलेला असतो, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात आणि तापलेल्या जमिनीवर दुपारी वळवासारखे ढग उठतात. म्हणजे पुणे-साताऱ्याकडचे डोंगर मोकळे व्हायला लागतात, नेमके तेव्हाच घरचे आभाळ भरून येते. सोलापूरच्या भटक्याला एका वेळी दोन आभाळे वाचावी लागतात. पुण्यातल्या भटक्याला ही अडचण नाही, म्हणून पुण्याच्या अनुभवावर बेतलेली माहिती इथे अर्धीच उपयोगी पडते.

गावाकडचे लोक हे आभाळ नक्षत्रांवरून वाचतात. सूर्य सप्टेंबरच्या मध्याला उत्तरा, महिनाअखेरीस हस्त आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा नक्षत्रात जातो. हस्ताचा पाऊस तो ‘हत्तीचा पाऊस’. तो गडगडाटासह येतो, तासाभरात ओढे भरतो आणि थांबतो. हवामान खात्याच्या सरासरी तारखांनुसार मोसमी पाऊस राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास मागे फिरू लागतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातून निघतो. हाच परतीचा पाऊस. जुलैच्या संततधारेत माणूस भिजतो, दमतो, पण सहसा घरी येतो; परतीच्या पावसातली वीज मात्र दुसरी संधी देत नाही. म्हणून या दिवसांत माथा दुपारी बारा-एकच्या आत गाठून उतरायला लागावे, हा नियम बाकी सगळ्या नियमांच्या वर ठेवावा. आग्नेयेकडे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग वर चढताना दिसला, की माचीवरचा (गडाच्या खालच्या सपाटीवरचा) बुरूज, एकटे झाड आणि ध्वजाचा खांब यांपासून दूर व्हावे.

बालाघाट आणि तुळजापूरची वाट

सोलापूरला सर्वांत जवळचा डोंगर बालाघाटचा. जिल्ह्याच्या ईशान्येला बार्शीच्या पलीकडून धाराशिव जिल्ह्यात शिरलेली ही रांग उंच नाही, पण सपाटीवरून आलेल्या माणसाला तिचा चढ चांगला जाणवतो. तुळजापूर या रांगेच्या कडेवरच, सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. शरदातली डोंगरचाल ही सोलापुरात ‘ट्रेक’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे, ती या वाटेमुळे. घटस्थापनेच्या आधी गावोगावच्या मंडळांची पोरे तुळजापूरहून ज्योत पेटवून, पाळीपाळीने धावत ती आपापल्या गावी आणतात. दसऱ्यानंतर देवीची श्रमनिद्रा असते आणि आश्विन पौर्णिमेसाठी सोलापूर शहरातून, विजयपूर-कलबुर्गीकडून, मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसे हजारोंनी पायी निघतात. शहरातले पुष्कळ जण रूपाभवानीचे दर्शन घेऊन चालायला लागतात. बरेच अनवाणी असतात.

या चालीला क्रीडाप्रकार म्हणणे चूक ठरेल. पण चालण्याचे शास्त्र म्हणून तिच्याकडे पाहायला हरकत नाही, आणि पाहावेच. संध्याकाळी निघून रात्रभर चालल्याने ऑक्टोबरचे ऊन टळते. पौर्णिमेमुळे उजेड आयता मिळतो. वाटेत तामलवाडीपर्यंत आणि पुढेही लोक चहा, केळी, पाणी, पाय चोळायला तेल घेऊन उभे असतात, त्यामुळे पाठीवर ओझे लागत नाही. शेवटचा घाट पहाटे, थकलेल्या पायांनी चढावा लागतो. तिथे जुन्या जाणत्या बायका एक गोष्ट करतात ती पाहण्यासारखी असते. त्या थांबत नाहीत, पाऊल अर्धे करतात. टाच पूर्ण टेकवून, गुडघा सरळ होईपर्यंत वाट पाहून मग दुसरे पाऊल. दर पावलाला क्षणभर विसावा मिळतो आणि दम लागत नाही. तरुण पोरे पळत पुढे जातात आणि वळणावर बसलेली सापडतात. ‘आई राजा उदो उदो’ची आरोळी मागून पुढे सरकत राहते. हिमालयात भार घेऊन चढणाऱ्यांना शिकवले जाते ते हेच पाऊल. (सोलापूरचे आनंद बनसोडे यांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट शिखर गाठले.)

बालाघाटातले दुसरे ठिकाण येडशीचे रामलिंग. दरीच्या तळाशी महादेवाचे मंदिर, शेजारी ओढा आणि पावसाळ्याच्या शेवटी भरात असलेला धबधबा. रावणाशी झुंजून जखमी झालेला जटायू इथे पडला अशी श्रद्धा आहे. भोवतीचे रान अभयारण्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये विदर्भातल्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ याच रानात कॅमेऱ्यात टिपला गेला आणि बार्शीच्या शिवारातही फिरला. तेव्हापासून इथल्या भटकंतीकडे लोक जरा अदबीने पाहतात, ते योग्यच आहे. धाराशिव शहराजवळची प्राचीन लेणी याच रांगेत असून अर्ध्या दिवसात पाहून होतात.

नळदुर्गाला डोंगर म्हणता येणार नाही, पण शरदातल्या सहलींमधून तो वगळता येत नाही. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधलेला आहे. हे काम इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातले. जलाशय भरून वाहू लागला की बांधावरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे कोसळतात आणि महालाच्या खिडकीत उभे राहून पाण्याचा पडदा आतून पाहता येतो. बोरीचे खोरे सप्टेंबरात भरते, म्हणून हे दृश्य बहुधा शरदातच मिळते. उपळी बुरुजाच्या पायऱ्या आणि लांबच लांब तटबंदी फिरून झाली की पोटऱ्यांना डोंगर चढल्यासारखेच वाटते.

महादेवाचे डोंगर

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्याच्या हद्दीवर महादेव डोंगररांग सुरू होते. शिखर शिंगणापूर सातारा जिल्ह्यात मोडते, पण नातेपुत्याकडून ते हाकेच्या अंतरावर. माळशिरसच्या बाजूने वर जाणारा मुंगी घाट चैत्रात कावडी चढवतात म्हणून प्रसिद्ध आहे. पाण्याने भरलेल्या जड कावडी हातांची साखळी करून उभ्या घसाऱ्यावरून वर नेतात. चैत्रात हा घाट करपलेला असतो. आश्विनात तोच हिरवा, निवांत आणि माणसांपासून मोकळा असतो. वारूगड, संतोषगड, महिमानगड आणि वर्धनगड हे याच रांगेतले किल्ले. चारही बुटके, गर्दी नसलेले आणि एका दिवसात होण्यासारखे. नवख्या मंडळींना थेट तोरण्यावर नेण्यापेक्षा आधी महिमानगडावर न्यावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

सह्याद्री : मुक्कामी भटकंती

पुणे सोलापूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटर. सकाळी सोलापूरहून सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस दुपारच्या आत पुण्यात पोचवते आणि संध्याकाळी परत आणते. (१२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून गाडीला हे नाव मिळाले.) पुण्यापासून पायथ्याच्या गावापर्यंत आणखी दीड-दोन तास. एवढ्यात दिवस संपतो, म्हणून पुणेकराचा ‘वन डे’ सोलापूरकराला मुक्कामीच करावा लागतो. सोलापुरात पाठीवर बिऱ्हाड घेऊन जाण्याची सवय हौसेपेक्षा या अंतरानेच लावली.

सिंहगड, राजगड (१,३७६ मीटर) आणि तोरणा (१,४०३ मीटर) ही नेहमीची निवड. राजगडाची संजीवनी माची उतरून डोंगराच्या सोंडेने तोरण्याच्या बुधला माचीवर जाणारी वाट दोन दिवसांच्या मोहिमेसाठी फार चांगली आहे. सप्टेंबरअखेर या सोंडेवर गवत कमरेएवढे असते आणि मळलेली वाटही त्यात हरवते, त्यामुळे चकवा लागण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा जास्त. राजगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांत आहे. संरक्षित गडांवर रात्री राहण्याचे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि मुक्काम शक्यतो पायथ्याच्या गावातच एखाद्या घरी करावा. गरम पिठले-भात मिळतो आणि त्या घरात चार पैसे जातात.

साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे यांचा बहर बहुधा सप्टेंबरात असतो आणि ऑक्टोबर लागला की ओसरतो. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. कातळावर जेमतेम बोटभर माती असते आणि सगळी फुले तिच्यातच उगवतात. चुकून ठेवलेल्या एका पावलाने वर्षाची फुले जातात, म्हणून फुलांमध्ये शिरण्याचा मोह आवरावा.

भीमाशंकरला जाणाऱ्या सोलापूरकराला एक वेगळेच अप्रूप असते. तिथे उगम पावणारी भीमा उजनीच्या धरणात साठते आणि तेच पाणी सोलापूरच्या नळाला येते. कर्जतकडच्या खांडसहून वर जायला दोन वाटा आहेत. शिडी घाट सप्टेंबरात ओलसर व धोक्याचा असतो, गणेश घाट लांबचा पण निर्धोक. बरोबर लहान मुले असतील तर गणेश घाटानेच जावे. झाडांत शेकरू, म्हणजे राज्यप्राणी असलेली मोठी खार, दिसण्याची शक्यता चांगली.

शिदोरी, पांघरूण, पाय

सोलापूरची शिदोरी डोंगरासाठीच केली आहे असे वाटावे इतकी सोयीची आहे. ज्वारीची किंवा बाजरीची कडक भाकरी कागदासारखी पातळ थापून, पाण्याचा अंश उरणार नाही इतकी वाळवतात. ती दिवसेंदिवस टिकते आणि वजनाला काहीच नसते. सॅकमध्ये तिचा चुरा होतो, पण चुराच हवा असतो. गडावर मिळालेल्या दह्यात तो कालवायचा, वर तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाची चटणी घालायची आणि पाच मिनिटे झाकून ठेवायचा. चूल नको, भांडे एकच. पहिल्या दिवसासाठी धपाटे न्यावेत, दुसऱ्या दिवशी ते आंबूस लागतात.

सोलापुरी चादर मात्र जपून न्यावी. सुती आणि जाड असल्याने ती माचीवरच्या वाऱ्याला पुरून उरते, पण शरदातल्या पहाटे दव इतके पडते की उघड्यावर पांघरलेली चादर सकाळी पिळून काढावी लागते आणि मग तिचे ओझे दुप्पट होते. छपराखाली झोपायचे असेल तरच चादर, नाहीतर हलकी स्लीपिंग बॅग. टॉवेल न्यायला मात्र विसरू नये.

पायांना या ऋतूत दोन शत्रू. पहिली काळी माती. ती ओली असताना शेताच्या बांधावरून चालले की दहा पावलांत बुटाखाली वीतभर चिखलाचा दुसरा बूट तयार होतो. म्हणून लांबची असली तरी मुरमाड वाट धरावी. दुसरे कुसळ. नान्नजच्या माळावर, बालाघाटाच्या उतारांवर कुसळी गवत ऑक्टोबरात पिकते. त्याचे टोकदार बी पायमोज्यात शिरते आणि ओल लागली की पीळ उलगडत स्वतःच आत आत फिरत जाते. ओढून काढले तर टोक आत राहते. ज्या दिशेने शिरले त्याच दिशेने पुढे काढावे. नान्नजचे माळढोक (माळरानावरचा मोठा पक्षी) अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. तिथे आता माळढोक नावालाच उरले असले तरी काळवीट आणि लांडगे आहेत. वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथे पायपीट करू नये.

डोंगरात फुरसे व घोणस हे विषारी साप याच दिवसांत उन्हासाठी वाटेवर येतात. कड्याच्या पोटातल्या आग्या मोहळाखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. सप्टेंबरअखेरीनंतर दिवस रात्रीपेक्षा लहान होतो. संध्याकाळी साडेसहाला उजेड असेल असे जुलैच्या आठवणीवरून धरून चालणारे गट दरवर्षी उतारावर अंधारात सापडतात. विजेरी एका दिवसाच्या चालीतही प्रत्येकाकडे हवी.

परतीची वाटही मोहिमेचाच भाग धरावी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर येऊन जिल्ह्यातली अनेक गावे पाण्याने वेढली गेली, त्याच सुमाराला वर घाटमाथ्यावरही पाऊस होता. पण एरवी अनेकदा गडावर लख्ख ऊन आणि घरी पूर अशी स्थिती असते. म्हणून निघण्यापूर्वी सह्याद्रीबरोबर सोलापूरचाही हवामान अंदाज पाहावा, नदीपलीकडे राहणाऱ्या सोबत्यांनी एक जादा दिवस हाताशी ठेवावा आणि घरी तसे सांगून निघावे. संध्याकाळच्या गाडीने येताना दौंडपर्यंत आभाळ चांदण्यांनी भरलेले असते. कुर्डुवाडी मागे पडली की पूर्वेच्या बाजूला, अगदी खाली, विजा चमकू लागतात.