ऊसतोडीला निघालेले मूल आणि फिटची गोळी

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती हंगाम संपल्यावरच गावी परततात. त्या बिऱ्हाडात फिटचे औषध चालू असलेले एखादे मूल असेल, तर सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या महिन्याभराच्या गोळ्या दिवाळीच्या आसपास कोपीवरच, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीतच, संपतात. नवा दवाखाना अनोळखी असतो, आणि तिथे जायचे तर आईबापाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. औषध बंद पडले की आपण 'पालकांची हयगय' म्हणून मोकळे होतो. मला हे निदान चुकीचे आणि अन्यायाचे वाटते.

अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, गोळीने आजार लगेच मुळापासून जात नाही. मेंदूतील पेशींमध्ये एकाच वेळी उसळणारे विद्युतसंदेश ती आवरून धरते, आणि त्यासाठी रक्तातली तिची पातळी सतत टिकावी लागते. व्हॅलप्रोएट हे फिटचे औषध लहान मुलांच्या शरीरातून साधारण अर्ध्या दिवसातच निम्मे बाहेर पडते. गोळ्या अचानक थांबल्या तर फिट नुसत्या परततच नाहीत, तर एकामागून एक येऊन न थांबणारी, जिवावर बेतणारी फिटही येऊ शकते. म्हणून पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर १०८ला फोन करण्यात क्षणाचाही विलंब नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. यासाठी नेहमी महागडेच औषध लागते असेही नाही. १९१२पासून वापरात असलेले फेनोबार्बिटोन अत्यंत स्वस्त आहे, आणि शरीरात बराच काळ टिकत असल्याने बहुधा रात्री एकदाच घेऊन चालते. पहाटे अंधारातच फडावर निघणाऱ्या आईसाठी सकाळची मात्रा चुकण्याची धास्ती नसणे ही मोठी सोय आहे. मात्र त्याने काही मुले सुस्तावतात, तर काही चिडचिडी होतात, आणि तसे झाले की घरचे लोक कोणाला न विचारता गोळी बंद करतात. हे आधीच सांगून ठेवायला हवे.

कोपीत औषध कसे ठेवले जाते, यालाही महत्त्व आहे. कार्बामाझेपिन या फिटच्याच दुसऱ्या औषधाची गोळी दमट जागी उघडी राहिली तर तिचा परिणाम एकतृतीयांशापर्यंत घटू शकतो, म्हणून ती मूळ वेष्टनातच, घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि पाण्याच्या हंड्यापासून दूर ठेवावी. फेनिटोइन हे फिटचे पातळ औषध बाटलीत खाली बसते. न हलवता दिल्यास सुरुवातीला मुलाला कमी औषध मिळते आणि तळाशी आल्यावर घातक ठरेल इतके जास्त. घरातले चमचे लहानमोठे असतात, त्यामुळे बाटलीसोबतचे मापच वापरावे. मात्रा चुकली, तर आठवताच द्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यावी, दुप्पट देऊ नये.

'एकदा लागलेली गोळी जन्मभर सुटत नाही' या भीतीने, विशेषतः मुलीच्या बाबतीत, औषध लपवले जाते किंवा देवऋष्याकडे धाव घेतली जाते. प्रत्यक्षात दोनेक वर्षे फिट आली नाही, तर अनेक मुलांची गोळी डॉक्टर हळूहळू कमी करत बंद करू शकतात. ती दोन वर्षे खंड पडू न देणे हीच खरी कसोटी असते.

यावरचा सर्वांत उपयोगी उपाय मला साधा वाटतो. उचल, म्हणजे तोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली जाते त्या सुमारास आशाताईने अशा मुलांची यादी करावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. सोबत औषधाचे नाव, मात्रा आणि दवाखान्याचा फोन नंबर लिहिलेला कागद द्यावा, म्हणजे कारखान्याजवळच्या केंद्रात पुढचा साठा मागता येईल. मुलांची मात्रा वजनावर ठरते, आणि एका हंगामात मूल चांगलेच वाढू शकते, म्हणून गावी परतल्यावर आधी त्याचे वजन करून मात्रा पुन्हा तपासावी.