घरच्या उजेडात वेशभूषेचे फोटो : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गिरगावातील आमच्या दुकानातून आपण भाड्याने नेलेला पोशाख दुसऱ्या दिवशी परत येतो आणि अनामत रक्कम आपल्याला मिळते. त्यानंतर घरात त्या वेशाची आठवण म्हणून राहतो तो फोटो. म्हणून तो नीट यावा याची काळजी आम्हांलाही वाटते.

गेल्या शिवजयंतीनंतर एक ताई आपल्या मुलीचा जिजाऊंच्या वेशातला फोटो दाखवायला आल्या होत्या. जांभळी नऊवारी फोटोत काळी दिसत होती, जरीचा काठ पांढराफटक पडला होता, कपाळावर फ्लॅशचा चकचकीत डाग होता आणि मागच्या भिंतीवर पदराची काळी सावली चिकटल्यासारखी दिसत होती. साडी अजून पिशवीतच होती, म्हणून आम्ही तिथल्या तिथे मुलीला ती पुन्हा नेसवली, दुकानातले सगळे दिवे बंद केले, शटर पूर्ण वर केले आणि दारापासून हातभर आत, रस्त्याकडे अर्धवट वळवून तिला उभे केले. त्याच मोबाइलवर काढलेल्या त्या फोटोत काठावरच्या कोयऱ्या मोजता येत होत्या आणि साडी जांभळीच दिसत होती.

याचे कारण कापडात आहे. जरीची तार आरशासारखी वागते. समोर जे असेल ते ती परत दाखवते. फ्लॅश हा लेन्सला खेटून असलेला बारीकसा दिवा असल्यामुळे जरीत त्याचे पांढरे ठिपके उमटतात, तर खिडकी रुंद असल्यामुळे प्रत्येक निरीवर उजेड हळूहळू चढतो आणि उतरतो. मखमल याच्या उलट उजेड पिऊन टाकते, म्हणून मखमली अंगरखा घातलेल्या व्यक्तीला खिडकीच्या आणखी जवळ आणावे लागते. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळी फोटोग्राफरांच्या हाती विजेचे दिवे नव्हते. काचेच्या छताखाली पांढरे पडदे सरकवून उजेड हवा तसा वळवून घेण्यावर त्यांचे काम चाले. आपल्या खिडकीला धोतराचे एक पान बांधले की आपण तेच करत असतो.

ज्या खिडकीतून ऊन थेट आत येत नाही ती उत्तम, आणि ऊन येतच असेल तर ते धोतराचे पान किंवा मलमलीचा पडदा लावून पसरवावे. पावसाळ्यातले ढगाळ आकाश हाच मोठा पडदा असतो, तेव्हा आणखी काही लावण्याची गरज नसते. घरातल्या ट्यूबलाइट मात्र आवर्जून बंद कराव्यात, कारण खिडकीचा आणि दिव्याचा रंग वेगळा असतो आणि दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळट होतो. पिस्ता रंगाच्या भिंतीला खेटून उभे राहू नये. तो हिरवा रंग गालावर उतरतो आणि मेकअप कितीही चांगला असला तरी चेहरा आजारी वाटतो.

खिडकी समोरून नको, बाजूला आणि थोडी पुढे असावी. जी बाजू अंधारात राहील तिथे टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल किंवा खुर्चीच्या पाठीवर टाकलेली पांढरी चादर ठेवावी. जिरेटोप आणि फेटा कपाळावर पुढे येतात, त्यामुळे उजेड वरून आला तर डोळे सावलीत बुडतात. अशा वेळी हाच थर्माकोल कमरेच्या उंचीवर, थोडा वर कलता धरावा. बुबुळात उजेडाचा लहानसा ठिपका दिसला की जागा साधली असे समजावे. नथीसाठीही हेच पाहावे, कारण मोत्यावर उजेड दिसला नाही तर फोटोत तो खडूच्या तुकड्यासारखा वाटतो.

रात्रीच फोटो काढायचा असेल, तर टेबल लॅम्पमध्ये एलईडी बल्ब लावून त्याच्यापुढे दोरीवर तेच धोतराचे पान टांगावे. दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणि मागची भिंत दिव्यापासून सहा फुटांवर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यामुळे भिंतीवर चेहऱ्याच्या साधारण चौथाईच उजेड पोहोचतो. दहा बाय बाराच्या खोलीतही कॅलेंडर आणि कपाट मागे मिटून जातात ते याच हिशेबाने. फोटोवर आडवे काळे पट्टे आले, तर ते दिव्याच्या लुकलुकण्याचे असतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने पुष्कळ दिवे सेकंदाला 100 वेळा मंदावतात, तेव्हा मोबाइलच्या प्रो सेटिंगमध्ये शटर, म्हणजे फोटो टिपण्याचा वेळ, 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवावा.

एक विनंती कळकळीने करतो. मांडवातला हॅलोजन घरात आणू नये आणि कोणत्याही दिव्यावर कापड थेट टाकू नये. आमचे बरेच शेले आणि ओढण्या सॅटिन व नायलॉनच्या आहेत. हे कापड उष्णतेने वितळून अंगाला चिकटते. मंगळागौरीच्या फोटोत समई हवी असेल, तर पदर खोचून घ्यावा आणि ती निदान हातभर दूर ठेवावी. लहान मुलांच्या हाती पेटते निरांजन देऊच नये.

मोबाइल फार जवळ नेल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसतात, म्हणून पाच-सहा फूट मागे उभे राहून दोन पट झूम वापरावा. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की फोकस स्थिर होतो. मग प्रकाशाची पट्टी जरीतली नक्षी दिसू लागेपर्यंत खाली ओढावी. चेहरा किंचित काळसर वाटला तर तो नंतर उजळता येतो, पण पांढऱ्या पडलेल्या जरीतली नक्षी परत आणता येत नाही. चिकटवलेल्या मिशीची कड चमकत असेल, तर तिच्यावर पावडरचा हलका हात फिरवावा.

पोशाख निवडायला येताना आपल्या खिडकीचा एक फोटो, तो किती वाजता काढला हे लक्षात ठेवून, मोबाइलमध्ये घेऊन यावा. त्या उजेडात कोणता रंग आणि कोणते कापड खुलेल हे पाहून, त्याप्रमाणे आम्ही दोन-तीन पोशाख बाहेर काढून ठेवू.