ताठ पाय, अशक्त पाय

मूल टेबलाच्या कडेला पाय सोडून बसलंय. फिजिओथेरपिस्ट म्हणते, "पाऊल वर उचल बरं, अंगठा तुझ्याकडे." मूल ओठ दाबतं, मुठी आवळतं, पण पाऊल जागचं हलत नाही. मग ती त्याच्या गुडघ्यावर तळहात ठेवून म्हणते, "आता माझा हात वर ढकल." गुडघा वर जातो आणि त्याच्यासोबत पाऊलही आपसूक वर येतं. शेजारी उभ्या आईच्या मनात येतं, येतंय की याला! मग मघाशी का नाही केलं?

हा आळस नाही नि हट्टही नाही. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. पाऊल उचलणारा नडगीवरचा स्नायू जिवंत आहे, त्याची नसही शाबूत आहे. फक्त 'तू एकटाच हल' हा हुकूम मेंदूला देता येत नाही. मांडी, गुडघा, घोटा सगळे मिळून हलणार असतील, तरच तोही हलतो.

सेरेब्रल पाल्सीत इजा मेंदूला झालेली असते: जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी तान्हेपणी. हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांत ती आढळते. इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढतं आणि हाडांच्या वाढीला स्नायू पुरे पडत नाहीत. पोटरी आखडते, टाच टेकत नाही, मूल चवड्यांवर चालू लागतं. घरचे म्हणतात, "पाय फार कडक आहेत." आणि कडक म्हणजे ताकदवान, असा समज आपोआप होतो.

हा समज फक्त घरच्यांचाच होता असं नाही. विसाव्या शतकात बराच काळ थेरपिस्टही या मुलांना वजन उचलायला लावायला कचरत. लंडनच्या बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याच्या उपचारपद्धतीचा प्रभाव मोठा होता. जोर लावायला लावलं तर ताठरपणा वाढेल, अशी भीती होती. त्यामुळे भर ताठरपणा उतरवण्यावर राहिला. ताकद मोजायची तरी कशाला?

मोजायची ठरवली तरी साधन दुसऱ्याच आजारांसाठी बनलेलं. हाताने जोर देऊन स्नायूला 0 ते 5 गुण देण्याची ब्रिटिश पट्टी दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या नसांसाठी तयार झाली. त्याआधी बॉस्टनला पोलिओच्या मुलांसाठी अशीच तपासणी सुरू झाली होती. दोन्हीकडे प्रश्न सरळ होता: नसेतून स्नायूपर्यंत काही पोचतं की नाही? आपल्या टेबलावरच्या मुलात पोचतं, पण गोंधळून पोचतं. शिवाय त्या पट्टीवरचा 4 हा गुण इतका ऐसपैस आहे की कुबड्या घेऊन चालणारं आणि पळणारं मूल दोघंही त्यात मावू शकतात.

म्हणून हातात धरायचं बलमापक आलं. ते नडगीला टेकवायचं, मुलाने ढकलायचं, आकडा न्यूटनमध्ये येतो. नुसता आकडा मात्र पुरत नाही. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड लागतं, कडेला हलकं. तसंच यंत्र सांध्यापासून किती लांब धरलं ते गुणून 'टॉर्क', म्हणजे सांधा फिरवणारा जोर, काढावा लागतो, मग मुलाच्या वजनाने भागावा लागतो. तपासणाऱ्याने जोरात धक्का देऊन चालत नाही. स्नायू झटक्यात ताणला की मेंदूच्या लगामातून सुटलेली प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते, स्नायू आपोआप आवळतो आणि आकडा फुगतो. ती ताकद मुलाची नसते, ताठरपणाची असते. यंत्र स्थिर धरायचं, जोर मुलाने हळूहळू लावायचा. कमरेला पट्टा बांधायचा, नाहीतर मूल मागे रेलून धडाची मदत घेतं. आणि ओरडून प्रोत्साहन द्यायचं! हेही पद्धतीतच बसतं, कारण कंटाळलेल्या मुलाची ताकद नेहमी कमीच भरते.

एवढं करून कळतं ते 'किती'. 'कसं' ते कळायला ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विजेचा आलेख, लागतो. त्वचेवर दोन छोट्या चकत्या साधारण 20 मिलिमीटर अंतरावर चिकटवल्या की खालच्या स्नायूतली वीज टिपता येते. ही वीज बहुधा व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. लहान मुलाची पोटरी ती केवढीशी. शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तशी बाजूच्या स्नायूची वीजही चकतीत शिरते. तरी चालताना घेतलेला आलेख बोलका असतो. एरवी पाऊल हवेत असताना नडगीचा स्नायू काम करतो आणि पोटरी गप्प असते. इथे पाऊल टेकण्याआधीच पोटरी जागी होते, दोघं एकमेकांविरुद्ध ओढतात. दोन बैल दोन दिशांना. दमणूक भरपूर, चाल थोडी.

खरी अडचण पुढे आहे. दोन मुलांचे आलेख ताडून पाहायचे तर टक्केवारी काढावी लागते, आणि शंभर कशाला म्हणायचं? निरोगी माणसाला सांगतात, पूर्ण जोर लाव, तेच शंभर. पण या मुलाला पूर्ण जोर लावताच येत नाही. मग भागाकारातला खालचा आकडाच लहान होतो आणि साधं चालणंही 'शंभराच्या वर' जाऊ शकतं. चालतानाच्याच सर्वोच्च आकड्याने भागलं, तर स्नायू कधी जागा झाला ते कळतं, किती ते निसटतं. माझ्या मते ईएमजीच्या रंगीत आलेखाखाली 'शंभर म्हणजे काय' हे लिहिलेलं नसेल, तर तो बाजूला ठेवावा.

मेंदूचा वाटा वेगळा काढायची एक युक्ती आहे. मूल जास्तीत जास्त जोर लावत असताना स्नायूला विजेचा क्षणिक झटका द्यायचा. बळ अचानक वाढलं, तर तेवढा स्नायू मेंदूने वापरलाच नव्हता. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या मुलांच्या मांडीचं आणि पोटरीचं बळ इतर मुलांच्या निम्म्याहूनही कमी भरलं. पोटरीचं तर फारच कमी. न वापरलेला भागही पोटरीतच जास्त निघाला. म्हणजे जो स्नायू सर्वांत कडक लागतो, तोच सर्वांत दुबळा. उरलेला दोष खुद्द स्नायूत असतो: तो आकाराने लहान राहतो, आणि त्यातले आकुंचन पावणारे सूक्ष्म घटक गरजेपेक्षा ताणलेले असतात.

अमेरिकी संशोधक डायान डॅमियानो यांनी 1995 मध्ये अशा मुलांकडून सहा आठवडे मांडीचे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा ताकद वाढली. पुढच्या अभ्यासांतही ताठरपणा वाढल्याचं दिसलं नाही. जुनी भीती फोल ठरली. मात्र टेबलावर वाढलेली ताकद चालण्यात उतरतेच असं नाही, त्याचे निकाल संमिश्र आहेत. म्हणून आता बलमापकाच्या जोडीला एक साधी चाचणीही घेतात: हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात? त्याला घड्याळ लागतं, आणि मुलाची पावलं जमिनीला टेकतील एवढी बुटकी खुर्ची. मोठ्यांच्या खुर्चीवर पाय लोंबकळत बसवून वेळ लावली, तर मोजलं जातं ते खुर्चीचं माप.