खाणीत माणूस दबला तर भरपाईचा अर्ज कसा करायचा, कोणी करायचा, काय कागद लागतात

आमच्याकडे चिरेखाणीत दरड बसून एक जण गेला तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या दिवशी मुकादम पाकीट घेऊन घरी आला, बायकोचा अंगठा हवा होता, शाईचं पॅड नव्हतं म्हणून बॉलपेनची रिफील तिच्या अंगठ्यावर घासली आणि कागदावर उठवला. कागदावर काय लिहिलंय ते कोणी वाचलं नाही. घरात सुतक असताना कोण वाचणार?

म्हणून हे आधीच सांगतो, असं हातात दिलेलं पाकीट म्हणजे भरपाई नव्हे. मृत्यूची भरपाई मालकाने सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करायची असते, तिथून ती घरच्यांना मिळते. थेट घरी दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली तर, भरपाईत धरलीच जात नाही, आणि "आमचा काही दावा नाही" असं लिहून घेतलं असलं तरी त्याने कायद्याचा हक्क जात नाही. अंगठा दिलाय म्हणून घाबरून बसू नका, अर्ज करा.

कायदा मूळ १९२३ चा, कामगार नुकसानभरपाईचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, पण हिशोबाची पद्धत तीच आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयाचा आकडा, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के गुणिले तोच आकडा. हा आकडा कायद्याच्या तक्त्यात दिलेला आहे, ३० वर्षाला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. पगार कितीही असला तरी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे महिना १५,००० पर्यंतच धरतात. म्हणजे ३० वर्षांचा माणूस गेला आणि पगार १५,००० किंवा जास्त होता, तर ७,५०० गुणिले २०७.९८, झाले १५,५९,८५०. आता पाकिटात किती होते ते आठवून बघा. अंगठा तुटला तर अपंगत्व ३० टक्के धरतात, त्याच वयाचे आणि पगाराचे साडेपाच लाखांच्या वर होतात. तात्पुरता जायबंदी असेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के मिळतात, आणि दवाखान्याचा खर्च वेगळा, त्यामुळे औषधाच्या दुकानाची साधी चिठ्ठीसुद्धा टाकून देऊ नका.

मालक म्हणेल तो आमचा नाय, ठेकेदाराचा माणूस. चालत नाही. काम ज्याचं, त्याच्याकडून भरपाई मागता येते, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. "दारू प्यायला होता", "टोपी घातली नव्हती" हे मृत्यू आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालत नाही. आणि ६ मीटरपर्यंत खोल, ५० पर्यंत माणसं, सुरुंग नाही अशा जांभ्याच्या खाणींना १९५२ च्या खाण कायद्यातून बरीचशी सूट होती, तिचा आधार घेऊन काहीजण सांगतात इथे कायदाच लागू नाही, तर ती सूट खाण कायद्याची, भरपाईची नाही.

अर्ज कोणी करायचा? जखमीने स्वतः, नाहीतर मृताच्या अवलंबितांनी. बायको, अज्ञान मुलं, लग्न न झालेली मुलगी, विधवा आई हे आधी. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मोठ्या भावाला यात हिस्सा नसतो, यावरून घरात भांडणं होतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

अर्ज कुठे करायचा यातली सोय आपल्या लोकांना माहीतच नसते. अपघात जिथे झाला तिथेच करायला पाहिजे असं नाही, अर्जदार राहतो तिथेही करता येतो. कोकणातला पोरगा गोव्याच्या नाहीतर झारखंडच्या खाणीत गेला असेल तर आईने तिकडे खेटे घालायची गरज नाही, आणि आपल्याकडच्या चिरेखाणीत कर्नाटकातून आलेल्या मजुराच्या बायकोलाही तिच्या गावातून करता येतो. आपल्या जिल्ह्याच्या सहाय्यक कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन विचारा, भरपाईचा दावा कोणाकडे दाखल होतो, ते सांगतात.

कागद: पोलिसांची नोंद आणि पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, पासबुक, जखमी असेल तर डॉक्टरचा अपंगत्वाचा दाखला. खरी अडचण येते ती पगाराच्या पुराव्याची. चिऱ्यावर मजुरी, हजेरीपट नाही, मालक सांगणार महिना सहा हजार देत होतो. अशा वेळी मुकादमाची ती लाल धूळ बसलेली वही, ज्यात रोजचे चिरे आणि उचल लिहिलेली असते, तिच्या पानांचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा, फोनपेच्या नोंदी काढा, बरोबरच्या दोन गड्यांचे जबाब घ्या. वही नंतर सापडत नाही.

मुदत अपघात किंवा मृत्यूपासून दोन वर्षं. आत अडकलेल्याचा मृतदेहच मिळाला नाही, मेघालयात २०१८ साली कोळशाच्या खाणीत पाणी शिरून १५ जण अडकले तेव्हा बहुतेकांच्या घरी हेच झालं, तर लोक सांगतात सात वर्षं थांबा, तोवर बेपत्ता माणूस गेला असं धरत नाहीत. थांबू नका. तो त्या दिवशी आत उतरला होता याची हजेरी, बचाव पथकाची नोंद, पंचनामा जोडून दोन वर्षांच्या आतच दावा टाका. उशीर झालाच असेल तर कारण लेखी द्या, सबळ असेल तर माफ होतो.

मालकाने महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि वर निम्म्यापर्यंत दंड लागू शकतो. हायकोर्टात अपील करायचं असेल तरी मालकाला रक्कम आधी भरावी लागते. जाहीर झालेली सरकारी मदत वेगळी, जसे २०२३ ला सिलक्यारा बोगद्यातून १७ दिवसांनी सुटलेल्या ४१ जणांना उत्तराखंड सरकारने प्रत्येकी एक लाख दिले, ती घेतली म्हणून मालकाकडचा हक्क जात नाही. बँकेत वर्षाला २० रुपये कापणारा सुरक्षा विमा असेल तर त्याचे दोन लाखही वेगळे, पासबुकात ती २० ची नोंद आहे का ते आजच बघा.