थकलेला पायलट आणि कंटाळलेला पायलट

१३ फेब्रुवारी २००८ च्या सकाळी हवाई बेटांवर होनोलुलूहून हिलोला निघालेलं एक छोटं जेट हिलो ओलांडून पुढे समुद्रावर गेलं. उड्डाण जेमतेम पाऊण तासाचं. नियंत्रक हाका मारत होते आणि कॉकपिटमधून उत्तर येत नव्हतं. पुढच्या वर्षी, २१ ऑक्टोबर २००९ ला, सॅन डिएगोहून मिनियापोलिसला जाणारं नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं एअरबस विमान मिनियापोलिस ओलांडून सुमारे दीडशे मैल पुढे गेलं. तिथेही तासाहून जास्त वेळ रेडिओ गप्प होता. जमिनीवरून पाहणाऱ्याला दोन्ही घटना सारख्याच दिसल्या, आणि दोन्ही वेळा एक संशय आला: पायलट झोपले असणार.

हवाईच्या विमानात खरोखर तसंच झालं होतं. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) दोघांनाही झोप लागली होती. पहाटे सुरू होणाऱ्या ड्युटीचा तो सलग तिसरा दिवस होता, आणि कॅप्टनला झोपेत श्वास अडकण्याचा विकार असल्याचं नंतर तपासणीत निघालं. मिनियापोलिसच्या विमानातले दोघे मात्र झोपलेले नव्हते. लॅपटॉप उघडून ते कंपनीच्या रोस्टरच्या, म्हणजे ड्युटी वाटपाच्या, नव्या पद्धतीवर बोलत बसले होते आणि बोलण्याच्या भरात विमान कुठे पोचलंय याचं भानच सुटलं. कधी उतरणार, असं केबिन क्रूने इंटरकॉमवर विचारलं तेव्हा ते ताळ्यावर आले. तपास यंत्रणेनेही लक्ष भलतीकडे गेल्याचाच ठपका ठेवला आणि दोघांची लायसन्स रद्द झाली.

वर्षानुवर्षं उडणाऱ्या पायलटला या नोकरीत अजून मजा येते का, हा प्रश्न निघाला की मला या दोन विमानांची आठवण होते. 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' असं वीस वर्षं उडवलेला कॅप्टन म्हणतो, तेव्हा ऐकणारा समजतो की याला उडण्याचा कंटाळा आला. पुष्कळदा तो माणूस फक्त थकलेला असतो. कधी तो पुरेसा झोपलेला, ताजातवाना असतो आणि तरी खरोखर कंटाळलेला असतो. दोन्ही दुखणी बाहेरून सारखी दिसतात. त्यांची कारणं वेगळी आहेत, औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर फुकट जातं.

आधी थकव्याचं बोलू, कारण त्याच्यापायी माणसं मेली आहेत. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. विमानातल्या १६६ पैकी १५८ जण गेले. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. प्रवासाचा बराचसा वेळ ते झोपलेले होते, उतरायच्या थोडं आधी जागे झाले. विमान फार उंचावरून आणि वेगात येत होतं. फर्स्ट ऑफिसरने 'गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी कॅप्टनने उतरण्याचा हट्ट सोडला नाही. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदूवर काही काळ जो जडपणा राहतो, त्याची नोंद चौकशी न्यायालयाने अहवालात केली.

थकवा शरीराचा असतो. रात्री दोन ते सकाळी सहा हा काळ शरीराच्या घड्याळात सगळ्यात खालचा, आणि मुंबईहून आखाताकडे जाणारी-येणारी कितीतरी विमानं नेमकी त्याच वेळी आकाशात असतात. सतरा तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच ढिला पडतो, हे १९९७ साली डॉसन आणि रीड या संशोधकांनी मोजून दाखवलं. कामाची आवड इथे उपयोगी पडत नाही. उडण्यावर जीव असलेला आणि नसलेला, दोघेही पहाटे चार वाजता सारखेच पेंगतात.

नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली म्हणजे झोप झाली, असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरच्या एअरबसमध्ये दोन्ही पायलट एकाच वेळी जवळपास अठ्ठावीस मिनिटं झोपले होते. को-पायलटच्या घरी महिन्याभराची जुळी बाळं होती, आणि तो रात्री बायकोला हातभार लावत होता. रोस्टरच्या कागदावर त्याची विश्रांती पूर्ण दिसत असेल. तान्ही मुलं, म्हातारे आईवडील, विमानतळाच्या वाटेवरची दोन तासांची गर्दी, यातलं काहीच रोस्टरला दिसत नाही.

आता कंटाळा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारचालक पडद्यासमोर बसून पाणबुड्या शोधत. काही वेळाने त्यांच्या नजरेतून खुणा सुटू लागत. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी यावर एक साधी चाचणी रचली. एक काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो, मधूनच एखाद्या वेळी दुप्पट उडी मारतो, आणि ती उडी टिपायची, एवढंच काम. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटू लागतात. झोप झालेल्या, प्रामाणिक, तरुण माणसांच्याही निसटतात. फारसं काहीच घडत नसताना नजर ठेवून बसणं माणसाला मुळातच जमत नाही. यात आळस शोधू नये. समृद्धी महामार्गावर पुरेशी झोप घेऊन निघालेल्या ड्रायव्हरचंही सरळ, मोकळ्या रस्त्यावर भान हरपतं, तेच इथे होतं.

आजच्या एअरलाइन पायलटचा बराचसा वेळ असाच जातो. टेकऑफनंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट लागतो. मग इंधनाचा हिशोब, हवामान, रेडिओ, पुढच्या विमानतळाची माहिती, आणि पुन्हा इंधनाचा हिशोब. ज्या हाताने विमान उडवायला तो शिकला, त्या हाताला काम उरतं टेकऑफच्या आणि लँडिंगच्या काही मिनिटांपुरतं. लांब पल्ल्याच्या विमानांवर तर तेवढंही नसतं. मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात चार पायलट असतात आणि लँडिंग एक. नव्वद दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालीच पाहिजेत, असा नियम आहे. लांब पल्ल्यावरच्या काहींना तीही मिळत नाहीत, मग सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, जाऊन ती भरून काढावी लागतात. लहानपणी गच्चीवर उभं राहून विमानं मोजणाऱ्या माणसासाठी हे सोपं नाही.

म्हणून दोघांना ओळखायची माझ्या मते सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे सुट्टी. थकलेला पायलट सुट्टीचे पहिले दोन दिवस झोपतो, चिडचिडतो, जेवणातही त्याचं मन नसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो हळूहळू माणसांत येतो, आणि वरून विमान गेलं की मान वर करून बघतो. कंटाळलेल्या पायलटची सुट्टी पहिल्या दिवसापासून छान जाते. तो ट्रेकला जातो, मुलांबरोबर खेळतो, झकास जेवतो. ड्युटीवर परतला की दुसऱ्याच सेक्टरला (म्हणजे एका टेकऑफपासून लँडिंगपर्यंतच्या उड्डाणाला) त्याचा चेहरा पुन्हा उतरतो. आणि ज्याला झोपेनंही बरं वाटत नाही आणि बदलानंही नाही, कशातच रस उरलेला नाही, त्याचं दुखणं या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. त्याला डॉक्टरची गरज आहे. लायसन्स जाईल या धास्तीने पायलट हे सांगत नाहीत, म्हणून घरच्यांनीच लक्ष ठेवायला हवं.

दुसरी खूण म्हणजे तो कशाबद्दल बोलतो. थकलेला माणूस रोस्टरबद्दल बोलतो: सलग नाइट्स (रात्रीच्या ड्युट्या), पहाटेचा पिकअप, ऐनवेळी बदललेली ड्युटी, स्टँडबायवरून अचानक आलेलं बोलावणं. जुलैत मुंबईच्या धावपट्टी २७ वर धो धो पावसात, बाजूच्या वाऱ्यात उतरण्याबद्दल त्याला विचारा. तो सावरून बसेल आणि हातवारे करत सांगेल, की शेवटच्या दोनशे फुटांत वायपर पूर्ण वेगात असतात आणि समोर दिवे फुटल्यासारखे दिसतात. त्याचं प्रेम शाबूत आहे. कंटाळलेल्याला तेच विचारलं तर तो म्हणेल, 'हं, असतं तसं.'

छोट्या पल्ल्याच्या आणि मोठ्या पल्ल्याच्या पायलटांची दुखणीही वेगळी पडतात. दिवसाला चार सेक्टर करणारा, पुणे-दिल्ली-पाटणा-दिल्ली-पुणे फिरणारा कॅप्टन सहसा कंटाळत नाही. लँडिंग भरपूर, हवामान रोज नवं. तो थकतो. मोठ्या विमानावरच्या कॅप्टनला दोन्ही गाठतात: शरीर चार टाइम झोनच्या मागे रेंगाळतंय, आणि अटलांटिकवर सात तास करण्यासारखं फारसं काही नाही. त्यातून एक विचित्र अदलाबदल होते. छोट्या विमानाच्या दगदगीला वैतागलेला फर्स्ट ऑफिसर टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण, करून मोठ्या विमानावर जातो, दगदग कमी होते, आणि दोन वर्षांत लँडिंगसाठी जीव तुटायला लागतो.

ही दोन्ही दुखणी एकमेकांना मदतही करतात, तिथे निदान आणखी अवघड होतं. काम भरपूर असेल तर थकवा लपतो. वादळात विमान चालवणाऱ्याला झोप येत नाही. शांत क्रूझमध्ये, म्हणजे उंचावरच्या सरळ उड्डाणात, तोच थकवा वर येतो. उलट, महिनोन्‌महिने अपुरी झोप घेतलेल्याला सगळंच बेचव लागू लागतं आणि तो स्वतःच ठरवून टाकतो की आपलं उडण्यावरचं मन उडालं. असं ठरवून नोकरी सोडण्याआधी त्याने महिनाभर नीट झोपून पाहावं. एवढं मी कळकळीने सांगेन.

थकव्यावर कायदा करता येतो, आणि तो भारतात झालाही. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने नवे नियम काढले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्र मोजायची मध्यरात्रीपासून पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोन. एअरलाइन्सच्या विरोधामुळे ते लांबले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी २०२५ च्या १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण या नियमांप्रमाणे विमानं चालवायला लागतील तेवढ्या पायलटांची सोय कंपनीने आधी केलेली नव्हती. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर लोक सामान घेऊन रात्रभर बसले. त्यांचा संताप रास्त होता. पण त्या गोंधळात 'पायलटांना एवढी विश्रांती कशाला' असा सूरही निघाला, तो मला मनापासून खटकला. मंगळूरला जे झालं ते माहीत असलेल्याने असं म्हणू नये. सरकारने इंडिगोला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. तेवढ्या काळात रात्री तीन वाजताचा थकवा काही कमी होणार नव्हता.

कंटाळ्यावर कायदा नाही, आणि होऊही शकत नाही. तिथे माणसालाच हात-पाय हलवावे लागतात. हवा स्वच्छ असेल आणि कंपनीची परवानगी असेल तेव्हा ऑटोपायलट लवकर सोडून हाताने उतरवणं, बेस बदलणं, कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळाल्यावर तिथेच न थांबता ट्रेनिंग कॅप्टन होणं. शिकवणाऱ्यांचा चेहरा मी वेगळा पाहिलेला आहे. समोरचा पोरगा पहिल्यांदा क्रॉसविंडमध्ये, म्हणजे बाजूच्या वाऱ्यात, विमान सरळ करतो तेव्हा शिकवणाऱ्याला आपलं पहिलं वर्ष परत मिळतं. काही जण सुट्टीत ग्लायडर उडवतात. इंजिन नाही, पगार नाही, प्रवासी नाहीत, फक्त वारा आणि हात.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला विमान उतरवलं, आणि पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी तेच उड्डाण पुन्हा एकट्याने केलं. हे उदाहरण नेहमी दिलं जातं, पण ते अर्धंच लागू पडतं. त्यांना कुणी पहाटे अडीचचा पिकअप लावत नव्हतं. उडण्याची आवड पन्नास वर्षं टिकू शकते एवढं त्यातून नक्की कळतं. नोकरीतही ती टिकेलच, हे त्यातून कळत नाही.

नोकरीचं बोलायचं तर चेस्ली सलनबर्गर यांचं उदाहरण जास्त उपयोगाचं. जानेवारी २००९ मध्ये दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान त्यांनी हडसन नदीवर उतरवलं आणि सगळे १५५ जण वाचले. महिन्याभराने अमेरिकी संसदेच्या समितीसमोर त्यांनी सांगितलं की त्यांचा पगार ४० टक्के कापला गेलाय, पेन्शन गेलंय, आणि आपल्या मुलांनी याच पेशात यावं असं वाटणारा एकही एअरलाइन पायलट त्यांच्या ओळखीचा नाही. हे सांगणारा माणूस थकलेलाही नव्हता आणि कंटाळलेलाही नव्हता. त्याच वर्षी तो पुन्हा कॉकपिटमध्ये जाऊन बसला. त्याची तक्रार पेशाला मिळणाऱ्या वागणुकीची होती, आणि ती मिटवणं पायलटच्या नाही, एअरलाइन्सच्या हातात असतं.

सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करायला निघालेली मुलं ओळखीच्या कॅप्टनला हमखास विचारतात, 'सर, अजून मजा येते का?' या प्रश्नाला कुणीही सरळ उत्तर देऊ शकत नाही. त्याऐवजी विचारावं: गेल्या महिन्यात नाइट्स किती झाल्या? शेवटचं लँडिंग हाताने कधी केलंत? पुढच्या आठवड्यातलं कोणतं सेक्टर करायला आवडेल? तिसऱ्या प्रश्नाला चटकन एखाद्या शहराचं नाव आलं, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर कितीही वाईट असलं तरी त्या माणसाचं उडण्याशी अजून बरं चाललंय.