तलावातील गाळ शेतात नेण्यासाठी अनुदान: पात्रता, कागदपत्रे आणि हिशेब

खानदेशातील पांझरा, बोरी, गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांतील उताराच्या शेतांवरून पावसात वाहून गेलेली माती नाल्यांतून पाझर तलावांत साचते, आणि ती परत शिवारात आणण्यासाठी राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. 2017 मध्ये सुरू झालेली ही योजना 2023 पासून अनुदानासह राबवली जात आहे.

गाळ कोणताही शेतकरी विनामूल्य नेऊ शकतो. वाहतुकीचे अनुदान मात्र अत्यल्पभूधारकांना (1 हेक्टरपर्यंत) आणि अल्पभूधारकांना (2 हेक्टरपर्यंत) मिळते. विधवा व अपंग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची कुटुंबे यांना ही क्षेत्रमर्यादा लागू नाही. अनुदानाचा दर प्रति घनमीटर 35.75 रुपये असून एकरी 15,000 रुपये व अडीच एकरांसाठी 37,500 रुपये ही कमाल मर्यादा आहे.

एकरी सुमारे 400 घनमीटर गाळ पसरला, तर साधारण 10 सेंटिमीटरचा थर होतो. म्हणजेच एका एकरातून 1 मिलिमीटर (सुमारे 4 घनमीटर) माती वाहून गेली, तर ती परत आणण्याचा खर्च याच दराने सुमारे 145 रुपये येतो, आणि त्यात उपशाच्या यंत्राचा खर्च धरलेला नाही. एवढी माती एखाद्या जोरदार पावसातही जाऊ शकते. म्हणून गाळ टाकण्याआधी बांध दुरुस्त करावेत आणि पेरणी उताराला आडवी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. अन्यथा शासनाच्या पैशाने आणलेला गाळ पुढच्याच पावसाळ्यात पुन्हा तलावात जाईल.

मागणी ग्रामपंचायतीकडे नोंदवावी. सोबत सातबारा व आठ-अ उतारा, आधार कार्ड, आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत, तसेच लागू असेल त्याप्रमाणे पतीच्या मृत्यूचा किंवा स्वतःच्या अपंगत्वाचा दाखला तयार ठेवावा. सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव असेल, तर वारसनोंद आधी तलाठ्याकडून करून घ्यावी.

योजनेत वाळू उपशाला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे फक्त गाळच उचलावा. साक्री, पारोळ्याकडच्या हलक्या, मुरमाड जमिनींना त्याचा लाभ अधिक होतो. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत मुळातच पाण्याचा निचरा सावकाश होतो, म्हणून तेथे माती परीक्षण केल्याशिवाय गाळ टाकू नये. तलाव कोरडे असतात तोपर्यंतच, म्हणजे पावसाळ्यापूर्वी, हे काम होते. मागणी उन्हाळा लागण्याआधीच द्यावी.