हसायला विनोद लागत नाही, सोबत लागते

सकाळी बागेत फिरायला जाणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. एका कोपऱ्यात पंधरा-वीस माणसं गोलात उभी असतात, बहुतेक साठीच्या पुढची. टाळ्यांच्या ठेक्यावर ‘हो हो, हा हा हा’ चालू असतं. मग ‘लस्सी हास्य’: दोन्ही हातांत पेले धरल्याचा आविर्भाव, या पेल्यातली लस्सी त्या पेल्यात, त्यातली पुन्हा यात, आणि मान मागे टाकून ती पिता पिता मोठ्यानं हसायचं. त्यानंतर दोन-तीन खोल श्वास. मग ‘सिंह हास्य’: जीभ पूर्ण बाहेर, डोळे मोठे, हातांचे पंजे आणि थेट पोटातून हसू. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, या मंडळींना झालंय तरी काय!

हास्ययोग हा मुंबईचा शोध आहे. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया या फॅमिली डॉक्टरांनी जेमतेम पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. तेव्हा एकेकानं पुढे येऊन विनोद सांगायचा, अशी पद्धत होती. काही दिवसांतच चांगले विनोद संपले. उरले ते चावट किंवा कुणाला तरी बोचणारे, आणि लोक कुरकुरू लागले. म्हणून विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसणं ठेवलं. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवत असत, त्यामुळे जोडीला श्वसनाचे प्रकार आले. आज शंभरहून अधिक देशांत हे चालतं. पुण्यात विठ्ठल काटे यांनी सुरू केलेल्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा शहरभर आहेत.

हास्यक्लबात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘शरीराला खरं हसू आणि खोटं हसू यांतला फरक कळत नाही.’ हास्ययोगावर माझा विश्वास आहे, पण हे वाक्य सोडून द्यावं असं मला मनापासून वाटतं. फरक कळतो. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्येच दाखवून दिलं होतं, की मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो आणि तो ठरवून आकसणं अवघड असतं. लंडनमध्ये सोफी स्कॉट यांच्या गटानं २०१३ साली मेंदूच्या स्कॅनवर पाहिलं, की उसनं हसू कानावर पडलं तर ऐकणाऱ्याच्या मेंदूत दुसऱ्याच्या मनातलं ताडण्याचा भाग जास्त जागा होतो. हा असा का हसतोय, याचा शोध मेंदू घेऊ लागतो. उसन्या हसण्याचा फायदा अजिबात नाही, असंही नाही. १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. नुसता हसरा चेहरा केल्यानंही मन थोडं प्रसन्न होतं, असं त्यात आढळलं. थोडंच, पण होतं.

मग बागेतून परतणारी माणसं एवढी टवटवीत का दिसतात? माझ्या मते याचं उत्तर गोलात उभ्या असलेल्या बाकीच्या माणसांत आहे. अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी दुकानांत, रस्त्यांवर लोकांच्या गप्पा टिपून हसण्याचा अभ्यास केला. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, आणि बहुतेक वेळा हसण्याआधी कुणी विनोद केलेलाच नसतो, असं त्यांना दिसलं. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांनी २०१२ मध्ये मांडलं, की सोबतीनं खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढते. फिनलंडमध्ये २०१७ साली बारा पुरुषांचे मेंदू तपासले, तेव्हा जवळच्या मित्रांबरोबर हसल्यावर मेंदूत अफूसारखी काम करणारी नैसर्गिक रसायनं सुटल्याचं दिसलं. हास्यक्लबात सुरुवात उसन्या हसण्यानंच होते. पण समोरच्या आजोबांची बाहेर काढलेली जीभ बघून खरं हसू कधी फुटतं ते कळतही नाही. मग त्याची लागण गोलभर होते.

शरीराचं कामही कमी नाही. हसताना छातीचे आणि पोटाचे स्नायू झटक्याझटक्यानं हवा बाहेर फेकतात. एकेक ‘हा’ साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या अंतरानं येतो. फुप्फुसं एरवीपेक्षा बरीच जास्त रिकामी होतात आणि पुढचा श्वास आपोआप खोल जातो. हसू ओसरलं की स्नायू सैल पडतात. वजन घटेल या आशेनं मात्र जाऊ नये. दहा-पंधरा मिनिटांच्या हसण्यानं १० ते ४० कॅलरी जळतात, म्हणजे एक-दोन मारी बिस्किटांपुरत्या.

तेहरानमध्ये नैराश्य असलेल्या वृद्ध स्त्रियांच्या एका गटाला हास्ययोग दिला, दुसऱ्याला सामूहिक व्यायाम, तिसऱ्याला काहीच नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नैराश्य उतरवण्यात हास्ययोग व्यायामाच्या बरोबरीचा ठरला. अभ्यास लहान होता, हे लक्षात ठेवायला हवं. २०२४ मधला चिनी प्रयोग मला जास्त भावला. कोरड्या डोळ्यांच्या २९९ रुग्णांपैकी निम्म्यांना डोळ्यांत घालायचे थेंब दिले आणि निम्म्यांना ‘ही ही ही, हा हा हा’ छापाचे शब्द म्हणत हसण्याचा व्यायाम, दिवसातून चार वेळा. आठ आठवड्यांनी हसणारे थेंबवाल्यांपेक्षा मागे नव्हते.

औषधं चालू असतील तर ती हास्ययोगासाठी बंद करायची नाहीत. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, छातीत दुखणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. ज्यांचा दमा हसण्यानं उफाळतो, त्यांनी पंप खिशात ठेवावा. खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब जाणाऱ्या बायका अनेकदा याच संकोचानं येत नाहीत. त्यांनी हळू हसावं आणि डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलावं, कारण त्यावर व्यायाम आणि उपचार आहेत.

बहुतेक क्लब बागेत भरतात आणि नव्या माणसाचं टाळ्यांनी स्वागत करतात. पहिल्या दिवशी लाज वाटतेच. तेव्हा मागे, झाडाच्या आडोशाला उभं राहू नका. गोलातच उभे राहा आणि आपण कसे दिसतोय याचा विचार न करता समोरच्याच्या डोळ्यांत बघा. हास्यक्लबातले जुने लोकही नवख्याला हेच सांगतात.